सदर म्हैस

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजीची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या पिवळ्या पानावर एक छोटी जाहिरात दिसली. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून एक म्हैस चुकली होती. पहिल्या ओळीत ती नुसती म्हैस होती. दुसऱ्या ओळीपासून मात्र ती ‘सदर म्हैस’ झाली होती, आणि सदर म्हशीचे डावे शिंग मोडके असल्याचे तितक्याच गांभीर्याने नमूद केले होते. हरवलेल्या जनावराला इतक्या अदबीने हाक मारणारी भाषा मला फार आवडली.

अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती. छाती हा शरीराचा पुढचा, मिरवायचा भाग. म्हणून सभेतली मानाची जागा ती सद्र, तिथे बसणारा तोही सद्र, आणि आपल्याकडे वाड्यात किंवा गडावर जिथे बैठक घालून कारभार चाले ती सदर. अंगात घालायचा सदरा याच कुळातला. पुढे कागदाच्या माथ्यालाही हा शब्द लागला आणि वर लिहिलेले ते ‘सदर’ किंवा ‘सदरहू’ ठरले. दरबारी लेखणीतून तो कचेरीत गेला, कचेरीतून पंचनाम्यात, आणि पंचनाम्यावरून बातमी उतरवून घेणाऱ्या बातमीदाराच्या दौतीत येऊन पडला. तिथे त्याने बस्तान असे बसवले, की नेमाने येणाऱ्या लेखनालाही लोक सदर म्हणू लागले. वाड्याची ती सदर, वर्तमानपत्रातले ते सदर, आणि इसमाआधी, म्हशीआधी लागणाऱ्या सदराला लिंगच नाही!

त्याचा जोडीदार ‘मजकूर’. त्याचा मूळ अर्थ उल्लेखिलेला, आणि जुन्या कागदांत तो नामाच्या मागून चाले: मौजे मजकूर, साल मजकूर. तोही छापखान्यात आला आणि संबंध लिखाणाचाच धनी झाला. बोट दाखवण्यापुरते ठेवलेले हे दोन नोकर वर्तमानपत्राच्या घरात मालकासारखे राहिले.

‘सदर’चा खरा गुण असा, की तो ना स्तुती करतो ना निंदा. सदर इसम चोर असेल वा सावकार, शब्द तोच. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले, हे ज्या धंद्याने पाहिले, त्याला असा निर्विकार शब्द हाताशी असणे सोयीचेच वाटले असणार. अर्थात हा माझा तर्क. आळस हेही कारण असेल. एकदा नाव लिहिले की पुढे नुसते ‘सदर’ म्हणून भागते, आणि दोन इसमांची मारामारी असली की यातला सदर कोणता, हे वाचकाने आपल्या जबाबदारीवर ठरवायचे.

आम्हा कोल्हापूरकरांची याहून वेगळी अडचण आहे, कारण आमच्या गावात सदर बाजार नावाची वस्तीच आहे. ‘सदर इसमास सदर बाजारात पकडण्यात आले’ असे कोणी लिहिले, तर पहिला सदर बोट दाखवणारा आणि दुसरा पत्ता सांगणारा, हे गाववाल्यालाच उमगावे. परगावच्या माणसाला वाटेल, वर कुठेतरी एखादा बाजार सांगून झालेला आहे आणि आपलीच एक ओळ वाचायची राहिली. त्या इसमाने सदऱ्याची चोरी केली असेल, तर विचारायलाच नको.

आज वर्तमानपत्रांनी हा शब्द बराच कमी केला आहे, आणि वाचायला ते सोपे जाते हे कबूल केले पाहिजे. कचेऱ्यांनी मात्र तो सोडलेला नाही. मागच्या महिन्यात एका अर्जात मी ‘माझा अर्ज मंजूर करावा’ असे लिहिले होते. खिडकीतल्या कारकुनांनी लाल पेनाने ‘माझा’ खोडला, वर ‘सदर’ लिहिले आणि मगच शिक्का मारला.

ट्रंकेतले ते पान मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. सदर म्हशीचे डावे शिंग ऐकून तिने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि विचारले, “अरे, सदर बाजारची म्हैस इतक्या लांब गंगावेशीत कशाला येईल?”