कूस बदलणारी शर्करा

दुधातील लॅक्टोजचे विघटन झाले की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करा मिळतात. दोघींतील अणू तेच आणि तितकेच. फक्त चौथ्या कार्बनावरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलट असते. ई. कोलाय या जिवाणूत ही दिशा पालटण्याचे काम यूडीपी-गॅलॅक्टोज ४-एपिमरेज हे विकर (एन्झाइम) करते, तेही शर्करा यूडीपी या न्यूक्लिओटाइडला जोडलेली असताना. अशा शर्करा-न्यूक्लिओटाइडांच्या शोधासाठी अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मला या विकराचे आकर्षण वाटते ते एका कोड्यामुळे. त्याच्या पोटात एनएडी हा सहघटक, म्हणजे मदतनीस रेणू, घट्ट बसलेला असतो. टायरोसिन १४९ (विकराच्या साखळीतील १४९ व्या जागेवरचे अमिनो आम्ल) शर्करेच्या हायड्रॉक्सिलवरील प्रोटॉन ओढून घेते, चौथ्या कार्बनावरील हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनांसह हायड्रोजन) एनएडीकडे जातो आणि शर्करेचे क्षणभर कीटोन होते, म्हणजे त्या कार्बनाला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला राहतो. पण एनएडी जागचा हलत नाही आणि हायड्राइड देतो तोही त्याच बाजूने. मग हायड्राइड शर्करेच्या विरुद्ध बाजूस परततो कसा?

उत्तर विकराच्या स्फटिकांनी दिले; त्यांवर क्ष-किरण टाकून रेणूची रचना समजते. विस्कॉन्सिन विद्यापीठात हेझल होल्डन आणि पेरी फ्रे यांच्या गटांनी १९९२ मध्ये २.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतक्या बारकाव्याची रचना प्रसिद्ध केली: दोन सारख्या उपघटकांची जोडी, प्रत्येकात ३३८ अमिनो आम्ले, मोठ्या भागात एनएडी आणि लहान भागाच्या आधाराने यूडीपी-शर्करा. पुढे मुद्दाम निष्क्रिय केलेल्या विकरात यूडीपी-ग्लुकोज व यूडीपी-गॅलॅक्टोज वेगवेगळे बसवून पाहिले, तेव्हा यूडीपीची पकड दोन्हींत जवळपास सारखीच, पण शर्करेचे कडे मात्र वेगळ्याच कलाने बसलेले आढळले. म्हणजे यूडीपी शर्करेला गुराच्या दाव्यासारखे धरून ठेवते आणि मधले कीटोन, फॉस्फेटाशी जोडणाऱ्या बंधाभोवती फिरून, चक्क कूस बदलते. विकराची पकड जिथे सैल आहे तिथेच त्याचे काम होते, हे मला त्या रचनेतले सर्वांत देखणे वाटते.

या कप्प्याचे माप किती नेमके असावे! मानवी एपिमरेज नायट्रोजनयुक्त, आकाराने मोठ्या एन-ॲसिटिल शर्कराही पालटते. जिवाणूचे पालटत नाही. जिवाणूतील टायरोसिन २९९ च्या जागी मानवी विकरात लहानसे सिस्टीन असते. ई. कोलायच्या विकरात हा एकच बदल केल्यावर तेही मोठ्या शर्करांवर काम करू लागले.