कडवंचीच्या द्राक्षबागा, थंड वाइन आणि दह्यातली कोशिंबीर

कडवंची जालन्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी जालन्याला उतरावं. त्या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, म्हणून मोटारसायकलवाल्यांनी जुनाच रस्ता धरावा. रेल्वेने आलात तर जालना स्टेशनवरून गाडी ठरवावी लागते.

इथे नाशिकसारखी वाइन चाखायची टेस्टिंग रूम शोधू नका. बागा खायच्या द्राक्षांच्या आहेत. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात बांधबंदिस्ती झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने पाठपुरावा केला आणि मग शेततळ्यांच्या जोरावर या कमी पावसाच्या गावात द्राक्ष टिकलं. प्लास्टिक अंथरलेली ती तळी मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. फक्त काठावर जाऊ नका, ओलं प्लास्टिक निसरडं असतं आणि बाहेर यायला धरायला काही नसतं.

जायचं तर फेब्रुवारी ते मार्चअखेर. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची वेलींची मोठी छाटणी, लागली की मांडवाखाली नुसत्या काड्या दिसतात. सकाळी सातला पोचा, अकराला निघा. आधी मालकाला विचारा आणि शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा. घडाला बोट लावू नका: मण्यावरचा पांढुरका मेणासारखा थर पुसला की बाजारात भाव उतरतो, आणि थर पुसलेला माल टिकतही कमी.

वाइन जालन्यातूनच न्यावी, आणि प्यायची ती मुक्कामावर, गाडी चालवायची नसताना. कायद्याने वय २१ पूर्ण हवं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवली तर वाइन शिजते. बूच वर सरकलेलं किंवा बाटलीची मान चिकट झालेली दिसली तर ती तापून गेली, असं समजावं.

थंड करायला बादलीत २ किलो बर्फ, १ लिटर पाणी, मूठभर मीठ. त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा, २० मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही. पांढरी ८ ते १० अंशांवर प्यावी. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हे मराठवाड्याच्या ४० अंशांत विसरा. तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसती दारूची झळ लागते.

सोबत धपाटे. २ वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, पाव वाटी बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरची, थोडं तेल. प्रवासासाठी कांदा आणि दही घालू नका: कांद्याचं पाणी सुटतं, दही दुपारपर्यंत आंबतं. भाजून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, वाफ कोंडली की धपाटे चिकट होतात. दही वेगळं न्या.

चौघांची कोशिंबीर: २ वाट्या बिनबियांची काळी द्राक्षं अर्धी कापून, एक काकडी बारीक चिरून, दीड वाटी घट्ट दही, पाव चमचा भाजलेली जिरेपूड. मीठ वाढताना घाला. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि कोशिंबिरीचं ताक होतं. याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन सर्वांत चांगली जुळते. ठेचा मात्र तोंडापुरताच. झणझणीत मिरचीबरोबर वाइनचा अल्कोहोल जास्त जाळतो, आणि शिराझसारखी तुरट रेड वाइन तर कडूच लागते.

बेदाण्याचं शेड दिसलं तर थांबा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून ते सावलीत वाळवतात. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणून किलोचा भाव ऐकून कपाळाला आठ्या पाडू नका.

घरी न्यायची द्राक्षं सकाळी तोडलेलीच घ्या, मण्यांचे देठ हिरवे आहेत का बघा. ती धुवायची खाण्याच्या आधी, नेताना नाही.