पहिली ओळ आयतीच असते

गेल्या जूनपासून या एप्रिलपर्यंत, म्हणजे अकरा महिने, मी एकही गाणं लिहिलं नाही. वही रोज उघडत होते. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर बसायचं, घरी आल्यावर कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या लिहायचं, ही माझी बारा वर्षांची सवय आहे. ती सुटली नव्हती. शिट्ट्या व्हायच्या, कागदावर दोन शब्द असायचे आणि तेही खोडलेले.

हे कशामुळे झालं ते मला नीट ठाऊक आहे. एका मालिकेच्या शीर्षकगीतासाठी मला विचारलं होतं. नऊ वेळा लिहून दिलं आणि नऊ वेळा 'अजून थोडं कॅची करा' म्हणून परत आलं. त्यानंतर फोनच आला नाही. मालिका सुरू झाली तेव्हा टीव्हीवर दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं ऐकलं. मानधन मिळालं नाही, त्याचंही वाईट वाटलं, पण ते महिनाभरात ओसरलं. मागे राहिला तो नाकारणारा आवाज. आधी तो फोनवरून यायचा, नंतर तो माझ्याच डोक्यात मुक्कामाला आला. ओळ पूर्ण व्हायच्या आत तो म्हणायचा, 'हे नको.'

लोकांनी सांगितलेले सगळे उपाय केले. पहाटे उठून मनात येईल ते तीन पानं लिहिणं, फोन बंद ठेवणं, नवी वही, दोन दिवस पाचगणी. त्यातून पानं भरली, गाणं आलं नाही.

'गदिमा आठवड्याला एक गाणं द्यायचे' हेही पुष्कळांनी ऐकवलं. खरंच आहे ते. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. पण ठरलेला दिवस अंगावर आला म्हणून ती झाली, असं मला अजिबात वाटत नाही. ज्याच्या कोठारात ओवी, अभंग, कीर्तन आणि माणदेशातली बोली काठोकाठ भरलेली आहे, त्याला आठवड्याची मुदत पुरते. रिकाम्या कोठाराला मुदत घालून काय होणार? माझं कोठार रिकामं नव्हतं, हे मला पुढे कळलं. मी दारच चुकीच्या बाजूने लोटत होते.

एप्रिलच्या शेवटी एका संगीतकार मित्राने हौशी नाटकासाठी चाल पाठवली. लेक सासरी गेल्यावर घरात एकटी राहिलेली आई, हा प्रसंग. व्हॉट्सॲपवर पेटीसोबत नुसतं गुणगुणणं आणि खाली एक ओळ: 'रूपक. गालगागा गालगागा. मुखडा दे, बाकी मग बघू.'

जे गाणी लिहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 'गा' म्हणजे दोन मात्रांचं गुरू अक्षर, 'ल' म्हणजे एका मात्रेचं लघू. गालगागा म्हटलं की सात मात्रा होतात आणि रूपक तालाच्या तीन-दोन-दोनमध्ये त्या चपखल बसतात. रूपकाचं वैशिष्ट्य असं की त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी, म्हणजे तालातल्या बिनजोराच्या जागी, येते. तबल्यावर पहिल्या मात्रेला ठोस धा नसतो, तिथे मोकळीक असते. त्यामुळे त्या जागी दणकून आपटणारा शब्द मला खटकतो. तिथे शब्द हलका हवा, हळूच टेकणारा.

मी लिहिलं, 'पावसाचे शब्द ओले'. मात्रा मोजा, चोख बसतात. 'आठवांचा गाव माझा'. हेही बसतं. दोन्ही ओळी चालीवर छान गाता येतात आणि दोन्हींत काही नाही. कुठला पाऊस? कुठला गाव? त्या आईच्या घरात ओला शब्द कुठे पडला होता? आठ दिवसांत अशा साठ-सत्तर ओळी झाल्या. मित्राला कळवलं, दुसऱ्या कुणाला विचार. त्याचं उत्तर आलं, 'अगं, थांबतो मी. लग्न उरकून ये.'

लग्न पुतणीचं होतं, भोर तालुक्यातल्या आमच्या गावी. आदल्या दिवशी घाणा भरायचा होता. पडवीतलं जातं धुऊन पुसून मांडलं होतं. एरवी दळण गिरणीतूनच येतं, जात्याचं काम पडतं ते लग्नकार्यात, हळदीपुरतं. खुंट्याला आंब्याचा डहाळा, हळकुंड आणि सुपारी बांधली. पाच सवाष्णींनी हात लावून घाणा भरला, फोटो झाले आणि बाकीच्या उठून मांडवाकडे गेल्या. आत्या मात्र उठली नाही. ती बहात्तर वर्षांची आहे. "नुसतं हात लावून पीठ पडतं व्हय? बस समोर," असं म्हणून तिने मला बसवलं.

हळकुंडं आधीच उखळात फोडून ठेवली होती. समोरासमोर बसून एकाच खुंट्यावर दोघींचा एकेक हात. मी जोर लावून ओढत होते, तर आत्या म्हणाली, "ओढू नको, सोड. आलं की दे, गेलं की घे." पाच-सहा फेऱ्यांत हाताला ते उमगलं. ती डाव्या हाताने चिमूट-चिमूट हळद जात्याच्या तोंडात वैरत होती. दगडाची घरघर आधी कोरडी होती, भरड बारीक होत गेली तशी ती मऊ झाली. पाळीच्या कडेने पिवळी रेघ उमटली, मग ती जाड होत गेली. वास एवढा उग्र की डोळ्यांत पाणी आलं.

आणि आत्याने ओवी धरली.

'हळद दळीते, बाई हळद पिवळी.'

ती एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तीच ओळ परत म्हटली. तिने पुन्हा म्हटली. मी पुन्हा. दरम्यान तिचा हात वैरत होता, माझा फिरत होता. चौथ्या खेपेला तिच्या तोंडून खालची ओळ आली:

'लेक चालली परघरी, तिची पाऊलं कवळी.'

मी विचारलं, "आत्या, ही जुनी आहे का?"

"आत्ताचीच की. तिच्या पायाला मेंदी लावत्यात ना तिकडं, ती दिसली."

"आणि पहिली ओळ?"

"ती काय, ती असतेच. ती सगळ्यांची. ती म्हणत ऱ्हायचं, तवर पुढची येते."

माझा हात खुंट्यावरच थांबला. आत्या म्हणाली, "थांबू नको, दगड जड होतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा महिने मी पहिल्याच ओळीशी झुंजत होते. ती अपूर्व असावी, आधी कुणी लिहिलेली नसावी, ऐकताच कान टवकारले जावेत, हा माझा हट्ट होता. आणि जात्यावरच्या बायका पहिली ओळ शोधतच नाहीत. 'पहिली माझी ओवी', 'सांगते बाई तुला', 'दारावरून जाई' ही सगळी आयती सामग्री. मात्रा कमी पडली की 'बाई', 'गं' घालून भरून काढायची. समोरची तीच ओळ उचलून परत म्हणते, तेवढ्या वेळात दुसरी सापडते. तिथे नाकारणाऱ्या आवाजाला जागाच नाही, कारण पहिल्या ओळीत नाकारण्यासारखं काही नसतं. हात गुंतलेला असतो, श्वास दगडाच्या लयीला बांधलेला असतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. आता त्यांतल्या बऱ्याच 'परी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या, संकेतस्थळावर ऐकता येतात. परत आल्यावर मी त्या रोज तासभर ऐकत होते. एकच सुरुवात वेगवेगळ्या गावांतल्या बायकांच्या तोंडी येते आणि प्रत्येकीची दुसरी ओळ निराळी निघते. एकीला भाऊ दिसतो, दुसरीला विठ्ठल, तिसरीला सासू. बहिणाबाई चौधरींनीही हे सांगूनच ठेवलं आहे. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटातून पीठ पडतं तसं माझं गाणं पोटातून ओठी येतं, असं त्या त्यालाच सांगतात. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं ते १९५२मध्ये, त्यांच्या मागे, पुस्तक होऊन आलं. ती कविता मी शाळेपासून वाचत आले, मला ती उपमा वाटायची. खुंट्यावर हात ठेवल्यावर कळलं की बाई कामाची पद्धत सांगत होती.

सोमवारी काउंटरवर बसले होते. एका आजोबांचं पासबुक भरून परत देताना ते माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "घरात लग्न होतं वाटतं?" माझी बोटं, नखांच्या कडा, तळहाताच्या रेघा, सगळं पिवळं होतं. तीन दिवस साबणाने धुऊनही. मी हसून हो म्हटलं आणि पुढच्या माणसाची स्लिप घेतली. शिक्का मारता मारता रूपकात म्हणायला लागले, 'हळद ल्याले हात दोन्ही, हळद ल्याले हात दोन्ही'. ओळ साधी आहे. कुणीही म्हणेल अशी, म्हणूनच मी ती अडवली नाही. ती समेवर कशी टेकते तेही बघा: ह-ळ-द, तीन लघू, कुठेच आपटत नाही. अकरा-बारा स्लिपा झाल्या असतील, तेव्हा खालची आली:

'रंग त्यांचा जात नाही.'

लेकीच्या लग्नाची हळद दळलेली आई, आणि लेक गेल्यावर तिचे ते हात. नाटकातली बाई मला तिथे, शिक्क्याच्या शाईशेजारी दिसली. जेवणाच्या सुट्टीत मित्राला म्हणून पाठवलं. त्याने काही लिहिलं नाही, नुसती तबल्यासोबत तीच ओळ गाऊन पाठवली.

पहिला अंतरा त्याच आठवड्यात झाला. भांडी घासताना, तोही एक आयती ओळ घोळवत. कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहत नुसतं उभं राहणं मी सोडून दिलं. आता लिहायच्या वेळी शेंगा सोलते, लसूण निवडते, कणीक तिंबते, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवते. वहीत नंतर उतरवते.

दुसरा अंतरा अडला आहे. काल आत्याला फोन केला, नाटकातला प्रसंग सांगितला. लेकीची खोली, दाराला अडकवलेली तिची जुनी ओढणी, आई ती काढत नाही. आत्या जरा वेळ गप्प होती. मग पलीकडून आवाज आला:

'दाराच्या आडोशाला, बाई कुणाची सावली...'

आणि ती थांबली. मी म्हटलं, "पुढे?"

"म्हण की," ती म्हणाली. "मी परत म्हणते, तवर बघ."