संस्थेच्या यादीतली एक लिंक: गुळाच्या वेबसाईटचा माझा अनुभव

शहरातल्या एका जुन्या संस्थेच्या वेबसाईटवर सभासदांची यादी आहे. त्या यादीत आमच्या गुऱ्हाळाच्या नावावर क्लिक केलं की परवापरवापर्यंत रमीचा जुगार उघडत होता. ती एक लिंक बदलून घेताना माझं जेवढं डोकं उठलं, तेवढं बाकीच्या सगळ्या कामात मिळूनही उठलं नाही. अजून आठवलं की चिडचिड होते. छोटा धंदा आणि घरची वेबसाईट असलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, आबा म्हणजे माझे सासरे, त्यांच्या वडिलांपासूनचं. पहिली वेबसाईट एका ओळखीच्या मुलानं करून दिली होती आणि डोमेन, म्हणजे वेबसाईटच्या पत्त्याचं नाव, त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो पुढे नोकरीला बाहेर गेला, पैसे भरायचे राहिले आणि नाव सुटलं. डॉट कॉम नावाची मुदत संपली की काही दिवस ते जुन्या मालकाला सोडवून घेता येतं. त्यानंतर 30 दिवस जादा दंड भरून मिळतं, शेवटचे 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि मग ते सगळ्यांना मोकळं. अशा नावांवर टपून बसलेले लोक असतात, कारण त्या पत्त्याला वर्षानुवर्षं जोडलेल्या लिंका त्यांना आयत्या मिळतात. आमचं नाव असंच जुगारवाल्यांकडे गेलं. ते आमच्या हातात असतं तर 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्यावर पाठवणारी सोय) लावून जुन्या पत्त्यावरचं सगळं वजन नव्यावर आणता आलं असतं, अन् कुणाच्या दारात जायची वेळ आली नसती. तेव्हा आधी हे बघा: डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि ऑटो रिन्यूवर आहे का. वेबसाईट कुणीही करू दे.

नवं नाव घेतल्यावर गुगलच्या लेखी आम्ही नवखे. ‘कोल्हापुरी गूळ’ शोधलं की आमचा पत्ता कुठंच नाही. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ऊस कुठला आणि गूळ कुठला याचा ठावठिकाणा नसलेले विक्रेते वर, आणि स्वतःच्या काहिलीत गूळ करणारे खाली. हे मला सहन होत नव्हतं.

त्याच सुमारास लिंका विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. अमुक हजारात पाचशे बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्यांच्या साईटवरून आपल्या साईटकडे येणाऱ्या लिंका), डीए पन्नासच्या वर, गॅरंटी. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हे मॉझ नावाच्या कंपनीचं माप आहे. गुगल ते वापरत नाही, त्यामुळे तो आकडा ऐकून कुणी पैसे देऊ नयेत. 1998 साली गुगलच्या पेज आणि ब्रिन यांनी पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाचं महत्त्व ठरवायची पद्धत, मांडलं तेव्हापासून दुसऱ्यानं आपल्याकडे बोट दाखवणं हे शोधात मोलाचं झालं, आणि तेव्हापासूनच लोक बोटं विकत घ्यायला लागले. 24 एप्रिल 2012 ला गुगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या पुष्कळ साईट खाली गेल्या. आता अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. एका ब्लॉगवाल्यानं पाच किलो गूळ मागितला, बदल्यात लिंक देतो म्हणाला. वस्तू देऊन लिंक घेणं हेही गुगलच्या नियमात बसत नाही, त्यावर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लागते. मी नाही म्हटलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

मग मी ठरवलं, आपलं नाव आधीच कुणीकुणी घेतलंय ते शोधायचं. गुऱ्हाळाचं नाव अवतरण चिन्हात टाकून शोधलं, मराठीत, इंग्रजीत, आणि लोक करतात त्या सगळ्या चुकीच्या स्पेलिंगांत. बॅकलिंक दाखवणाऱ्या एका फुकटच्या साधनात जुना पत्ता टाकला. (सर्च कन्सोल हे साईटमालकांसाठीचं गुगलचं साधन फक्त स्वतःच्या साईटचं दाखवतं, हरवलेल्या पत्त्याचं नाही.) एका कृषी महाविद्यालयाच्या सहलीचा वृत्तांत निघाला, एका प्रवासवर्णनाचं पान निघालं, एका दैनिकाची जुनी बातमी निघाली. सहलीचं आणि प्रवासाचं पान एकेका मेलवर बदललं. दैनिकानं लिंक दिली पण नोफॉलोची, म्हणजे ‘ही लिंक मोजू नका’ अशी गुगलसाठी खूण लावलेली. त्यावर वाद घालू नका. 2019 पासून गुगल नोफॉलोकडे आदेश म्हणून नाही तर इशारा म्हणून बघतं, आणि शिवाय त्या बातमीतून खरे गिऱ्हाईक येतात.

आता संस्था. नाव घेत नाही.

फोनवर उत्तर मिळालं, “वेबसाईटचं हितं काय म्हाईत न्हाई, ऑफिसात या.” गेले. तिथले क्लार्क म्हणाले, “वहिनी, अर्ज द्या. लेटरहेडवर. आणि सभासदाची सही पाहिजे.” सभासद आबा. ऐन हंगामात आबांना चुलाणापासून उठवायचं म्हणजे काय हे गुऱ्हाळवाल्यालाच कळेल. रस तापला की भेंडीचं पाणी ओततात, मळी फेसासारखी वर येते आणि ती त्याच वेळी काढावी लागते. ती राहिली की गुळाचा रंग गेला. तरी आबा सही करून आले. मग कळलं, अर्ज मासिक बैठकीत ठेवावा लागतो. बैठकीला कोरम झाला नाही. पुढची झाली, तर त्यात अर्ज घ्यायचा राहिला. एका वेब पत्त्यातली अक्षरं बदलायला बैठक कशाला लागते, हे मी दर वेळी विचारलं आणि दर वेळी “पद्धत हाय” एवढंच ऐकलं.

मंजुरी मिळाली तर वेबसाईटवाला हात लावेना, कारण त्याचं वर्षाचं मेंटेनन्सचं बिल थकलेलं. ते निघेपर्यंत हंगाम संपला. आणि मग त्यांनी काय केलं, तर छापील सभासद पुस्तिका स्कॅन करून तिची पीडीएफ चढवली. जुनं पान तसंच ठेवलं.

आबा आणि मी दोघं गेलो. क्लार्क म्हणाले, “पत्ता दिसतोय की आता. अजून काय पाहिजे?”

आबा म्हणाले, “दिसतोय साहेब. पण दाबल्यावर जात न्हाई.”

आबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. पीडीएफमध्ये खरी लिंक असेल तर गुगल ती धरतं. स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यातला पत्ता वाचता येतो पण तो कुठं जोडलेला नसतो.

त्या दिवशी एक संचालक ऑफिसात बसले होते. लिंक, रँकिंग असलं काही न बोलता मी मोबाईलवर संस्थेचं पान उघडलं आणि फोन त्यांच्या हातात देऊन म्हटलं, “आमच्या नावावर दाबा.” रमीचं पान उघडलं, पत्ते, नाणी, बोनस. ते उभेच राहिले. “आपल्या संस्थेवरनं जुगार?” त्यांनी तिथूनच वेबसाईटवाल्याला फोन लावला. माझा अर्ज जे करू शकला नव्हता ते त्या पानानं केलं. तेव्हा समोरच्याकडे जाताना तुमच्या फायद्याचं सांगत बसू नका, त्याच्या पानावर काय बिघडलंय ते आधी दाखवा. हे मला आधी सुचलं असतं तर आबांचे हेलपाटे वाचले असते.

संध्याकाळी बदल झाला. क्लिक केलं तर आमची साईट उघडली, पण पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, बघितला तर ते बटण स्क्रिप्टवर चालणारं. गुगल हमखास धरतं ती साधी ‘ए’ टॅगची, एचरेफमध्ये पत्ता असलेली लिंक. मी त्या मुलाला व्हॉट्सॲपवर पूर्ण ओळ तयार करून पाठवली, फक्त चिकटवायची. त्यानं लगेच केलं. त्याचा राग नाही, बिल थकलं तर कोण काम करेल. दुसऱ्याला काम सांगताना पानाचा पत्ता, जुनी ओळ आणि नवी ओळ असं तिन्ही द्या. आणि लिंकच्या शब्दांत फक्त आपलं नाव मागा. ‘बेस्ट ऑरगॅनिक जॅगरी’ असलं काही भरायला लावू नका, ते लगेच डोळ्यात येतं.

असल्या पानाकडे गुगल क्वचित फिरकतं. सर्च कन्सोलच्या लिंक्स रिपोर्टमध्ये संस्थेचं नाव दिसायला बरेच आठवडे गेले. दिसलं तेव्हा मी आबांना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं.

एक सांगायचं राहिलं. नवीन लिंका कुठून आल्या, तर एका पानामुळे. आम्ही आमच्या गुळव्याबरोबर बसून रसापासून ढेपेपर्यंतचं सगळं फोटोंसकट लिहिलं: मळी कशी काढतात, पाण्यात गोळी धरून पाक कसा तपासतात, रसायन न घालता केलेला गूळ पिवळाधमक का नसतो. न सांगता एका आहारतज्ज्ञ बाईंनी ते पान जोडलं, नंतर खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या आणखी काहींनी. आता ‘रसायनविरहित कोल्हापुरी गूळ’ शोधलं की आम्ही पहिल्या पानावर येतो. नुसत्या ‘कोल्हापुरी गूळ’ला अजून मोठे विक्रेते वर आहेत.

जुन्या पत्त्याची एक लिंक अजून शिल्लक आहे, एका ग्रामीण पर्यटनाच्या साईटवर. मेलला उत्तर नाही. दिवाळीनंतर गाळप सुरू व्हायच्या आधी त्यांना फोन लावणार आहे, आणि पहिलं वाक्य रमीचंच असेल.