चेहऱ्याला तेल: कोणतं, किती, कधी

तेलातून त्वचेला पाणी मिळत नाही. असलेलं पाणी उडून जाऊ नये, एवढंच ते बघतं. म्हणून कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळलं की वरून तुकतुकी येते, पण त्वचा आतून ओढलेलीच राहते. रात्री चेहरा धुवा, टॉवेलने नुसता टिपा आणि ओलसर असतानाच तेल लावा. 3-4 थेंब पुरे. तळहातांवर पसरून गालांवर, कपाळावर दाबायचं, घासायचं नाही. दहा मिनिटांनीही बोटाला चिकट लागलं, तर उद्या एक थेंब कमी.

घाण्याचं करडईचं तेल हलकं आणि चेहऱ्याला चांगलं. त्यात सहसा लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्ध आम्ल) भरपूर असतं, पण त्यामुळेच ते लवकर खवट होतं. लहान, गडद काचेच्या बाटलीत, खिडकीपासून लांब ठेवा. वास बदलला की सरळ टाकून द्या. खोबरेल हातापायांना उत्तम. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र छिद्रं बुजवू शकतं. नवं तेल आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघाच.

आणि मनापासून सांगते, सुरकुत्यांचं मोठं कारण ऊन आहे. तेल ते अडवत नाही. सकाळी किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन हवंच: तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि मानेसाठी. उन्हात असाल तर दर 2 तासांनी पुन्हा. लिंबाचा रस लावून तर उन्हात मुळीच जाऊ नका, त्वचा भाजून काळे डाग पडतात.