खर्ज कुठे गेला? कार्ड, स्पीकर आणि दहा बाय बाराची खोली

मंडळी, सध्या माझ्या टेबलाची मांडणी अशी आहे. मदरबोर्डच्या ऑप्टिकल आउटमधून (आवाजाचे आकडे प्रकाशाने पाठवणारा जोड) एक केबल एडिफायर आर१२८०डीबीएस या स्पीकरच्या जोडीला जाते, ती संगीतासाठी. गेमसाठी हेडफोन, आणि तो टाइप-सीच्या बोटभर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या साउंड कार्डावर. साउंड कार्डासाठी ठेवलेला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट रिकामा आहे आणि तो तसाच ठेवायचं मी ठरवलं आहे.

हे कसं ठरलं ते सविस्तर लिहितो. नवीन माणूस या छंदात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "कार्ड कुठलं घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी कुठे बसून ऐकणार ते ठरवा, मग स्पीकर, मग खोली. त्यातून पैसे उरले तर कार्ड.

कार्डाला एवढं महत्त्व आलं त्याला सबळ कारण होतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर आणलं, तोवर बहुतेक पीसींचा आवाज म्हणजे कॅबिनेटमधला बीप. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या मशीनवर डॉसचा (विंडोजच्या आधीची प्रणाली) गेम लावायचा म्हणजे पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे कार्डाच्या जोडणीचे आकडे आपण हाताने भरायचो. त्या काळच्या प्रोसेसरला एकाच वेळी बरेच आवाज मिसळायला लावलं की खेळ अडखळायचा. म्हणून १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह घेणं शहाणपणाचं होतं. त्यावरची ईएमयू१०के१ ही चिप मिसळण्याचं आणि गुहेतल्या, बोगद्यातल्या घुमण्याचं काम स्वतः उचलायची. त्याच सुमारास ऑरियल या प्रतिस्पर्धी कंपनीची व्होर्टेक्स २ ही चिप आली. तिचं ए३डी तंत्र भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीचा हिशोब करायचं, आणि आजही मला ते त्या पिढीतलं सर्वात सुंदर काम वाटतं. क्रिएटिव्हबरोबरच्या कोर्टकज्जात ऑरियल जिंकली, पण खर्चाने मोडली. २००० मध्ये क्रिएटिव्हनेच तिची मालमत्ता घेतली.

मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिने गेम आणि कार्डाच्या चिपमधला नेहमीचा थेट रस्ताच बंद केला. आता गेमचं इंजिन हा सगळा हिशोब प्रोसेसरवर करतं आणि तयार दोन चॅनल पुढे पाठवतं. कार्डाकडे काम उरलं ते आकड्यांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करण्याचं आणि हेडफोनला पुरेशी ताकद देण्याचं. ही दोन्ही कामं आता स्वस्तात चांगली होतात.

हे नुसतं मानून चालायचं नव्हतं, म्हणून मी घरी तुलना केली. माझ्या बोर्डवर रिअलटेकची एएलसी८९७ ही आवाजाची चिप आहे. तिचं लाइन आउट आणि क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर प्ले ३ हे यूएसबीचं छोटं कार्ड, हे दोन्ही आळीपाळीने एकाच स्पीकरला जोडले. अशा तुलनेत एक पथ्य पाळावंच लागतं: दोन्हींची पातळी एक हवी. जो थोडा मोठा वाजतो तो कानाला 'जास्त स्वच्छ' वाटतो, आणि इथेच बहुतेक तुलना फसतात. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, १०० हर्ट्झचा टोन लावा आणि दोन्हीकडे सारखं व्होल्टेज येईपर्यंत आवाज जुळवा. एक टक्क्याच्या आसपास फरक राहिला तर तो साधारण ०.१ डेसिबल होतो, तेवढा चालतो. नंतर बायकोला केबल बदलायला सांगितली, मी पाठ करून बसलो. स्पीकरवर मला फरक ओळखता आला नाही.

इअरफोनवर मात्र आला. संवेदनशील इन-इअर लावला की कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून बारीक सळसळ ऐकू यायची. डोंगलवर ती गेली. आणखी एक गोष्ट तपासा: पुढच्या जॅकचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा, ओममध्ये) पुष्कळदा जास्त असतो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा असा ठोकताळा आहे, म्हणजे ३२ ओमच्या हेडफोनला ४ ओमपर्यंत. त्याहून बराच वाढला तर काही हेडफोनचा खालचा आवाज फुगतो आणि दोष हेडफोनच्या माथी जातो. डोंगल घेण्यामागे माझं एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

आता गुणगुण. हिच्यामुळे कितीतरी जण महाग कार्ड घेतात. माझ्याकडे आधी तीन पिनी प्लगचा जुना अँप्लिफायर होता. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की स्पीकरमधून किरकिर, माउस हलवला की तिचा सूर बदलायचा, आणि मागे ५० हर्ट्झची संथ गुणगुण कायम. यूएसबीचं बाहेरचं कार्ड लावूनही ती हटली नाही. पीसीऐवजी लॅपटॉप, चार्जर काढून बॅटरीवर, अँप्लिफायरला जोडला, तर पूर्ण शांतता. म्हणजे गोम अर्थिंगच्या वळशात होती. पीसी एका सॉकेटवर, अँप्लिफायर दुसऱ्या, दोघांची अर्थ भिंतीतून एकत्र आणि ऑडिओ केबलच्या जमिनीतूनही (ग्राउंडच्या तारेतून) एकत्र. यूएसबीतही जमिनीची तार असतेच, म्हणून कार्ड बाहेर नेऊन वळसा तुटत नाही. दोन्ही उपकरणं एकाच स्पाइक गार्डवर घेतली की तो बराच आखडतो. ऑप्टिकलने पूर्ण तुटतो, कारण मध्ये तारच नाही, नुसता प्रकाश जातो. एक कळकळीची विनंती: प्लगची अर्थ पिन कापून गुणगुण घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

ऑप्टिकल वापरायचं ठरल्यावर कार्डाचा विषय आपोआप मिटला. रूपांतर आता स्पीकरच्या आत होतं, बोर्डवरची चिप फक्त आकडे पुढे ढकलते.

स्पीकर निवडताना खोक्यावरचं पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा) पाहूच नका. त्या हजारोंच्या आकड्याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, पाहा. माझ्या जोडीचं ४२ वॅट आहे, आणि हाताच्या अंतरावर बसणाऱ्या माणसाला रोजच्या ऐकण्यात एखादा वॅटही पुष्कळ होतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. तेव्हा ४२ की ६० यावर डोकं शिणवू नका. शंकूचा (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याचा) व्यास आणि तो किती खालच्या आवाजापर्यंत जातो, हे विचारा.

इथे माझी कसोटी तंबोरा. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज (सा) १३८.६ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झ. दोन इंची स्पीकर तिथवर पोहोचतच नाही. तरी त्यावर खर्ज 'कळतो', कारण जवारीमुळे (घोडीवरच्या तारेच्या झणकारामुळे) त्या तारेतून १३८.६, २०७.९, २७७.२ असे वरचे स्वरांश भरभरून येतात आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून पाया स्वतः बांधतो. स्वर समजतो, भार मात्र पोहोचत नाही. चार इंची शंकूवर तो भार बराचसा येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या जवळ असतो, तो चार इंचीवर आरामात मिळतो. दुकानात ऐकायला जाताना म्हणूनच मी मोबाइलमध्ये दोन तंबोरे घेऊन जातो, एक पुरुषाच्या पट्टीचा आणि एक बाईंच्या. दुकानदार आवडीची धडाकेबाज गाणी लावतात. त्यातून काही समजत नाही. तंबोरा लावा, आणि चारही तारा सुट्या ऐकू येतात का, की नुसता गुंजारव, ते पाहा.

पुढची कसोटी डग्गा. चांगला तबलजी मनगटाने घुमारा वर सरकवतो, तेव्हा आवाज एकसंध चढायला हवा. माझ्या खोलीत मध्येच एक पायरी गायब व्हायची आणि पुढची पायरी अंगावर यायची. ही करामत स्पीकरची नव्हती, खोलीची होती. खोली दहा बाय बारा फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबीत ४७ हर्ट्झला आणि रुंदीत ५६ हर्ट्झला लाट भिंतींमध्ये उभी राहते, आणि पुढे त्यांच्या दुपटीला. बरोबर मधोमध बसलं की ४७ जवळजवळ नाहीसा होतो, मागच्या भिंतीला टेकून बसलं की तोच अंगावर येतो. खुर्ची मधल्यापासून फूटभर पुढे घेतल्यावर घुमारा पुष्कळच सरळ झाला. या बदलाला दमडी लागली नाही, आणि आजवर केलेल्या सगळ्या बदलांत हाच सर्वात मोठा ठरला.

स्पीकरमागची भिंतही हिशोबात घ्या. स्पीकरचं तोंड भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर परतलेली लाट १७० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाते, म्हणजे ऐन गळ्याच्या जागी. पाव मीटरवर आणलं की खड्डा ३४० च्या वर सरकतो, जिथे स्पीकर मागे कमी आणि पुढे जास्त फेकू लागतो. म्हणून लहान खोलीत मी स्पीकर भिंतीजवळच ठेवतो आणि वाढलेला खालचा आवाज बाजूच्या बास नॉबने थोडा उतरवतो.

टेबलाच्या काचेवरून परतणाऱ्या आवाजासाठी स्पीकरखाली शहाबादी फरशीचे तुकडे रचून ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे शंकू) कानाच्या उंचीला आणले आणि काच काढून टाकली. बाजूच्या भिंतींवर, बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसतो नेमक्या त्या ठिकाणी, आजीच्या दोन गोधड्या टांगल्या. गोधडी खालच्या आवाजाला अडवत नाही, पण झांजा, टाळ आणि 'स', 'श' यांची धार तिने छान बसवली. दोन स्पीकर आणि माझं डोकं असा समभुज त्रिकोण साधल्यावर गायक मॉनिटरच्या मधोमध उभा राहिला.

गेमचं गणित वेगळं आहे. दिशा कळते ती दोन कानांवर पोहोचणाऱ्या आवाजातल्या फरकावरून, आणि बाजूने येणाऱ्या आवाजातसुद्धा तो वेळेचा फरक जेमतेम ०.७ मिलिसेकंद असतो. स्पीकरवर डाव्याचा आवाज उजव्या कानालाही जातो आणि हा फरक गढूळ होतो. म्हणून पावलांच्या आवाजासाठी हेडफोनच. भाचा व्हॅलोरंट खेळतो. त्याला डोळे मिटून बसवलं आणि गेममधलं एचआरटीएफ (हेडफोनवर दिशेचा भास देणारी प्रक्रिया) चालू करून विचारलं, तर लगेच, "मामा, मागून आला, डावीकडून!" मग त्यावर विंडोजचं स्पेशिअल साउंडही (तसाच दिशेचा भास देणारी सोय) चालू केलं, तेव्हा तो पुढे-मागे चुकायला लागला. एकावर एक अशा दोन प्रक्रिया नकोत. गेममध्ये सोय असेल तर बाहेरची बंद ठेवा. खोक्यावरच्या ७.१ (आठ चॅनलच्या) लेबलसाठी जास्त पैसे मोजायचीही गरज नाही, दोन चॅनलचा साधा हेडफोन पुरतो. ब्लूटूथ मात्र गेमला नको. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि तेवढ्यात समोरचा कोपरा ओलांडून गेलेला असतो. गाणी ऐकताना त्याच उशिराने काही बिघडत नाही.

पुढचा टप्पा सबवूफरचा, म्हणजे फक्त खालच्या आवाजासाठीच्या वेगळ्या स्पीकरचा. या जोडीला त्याचं आउटपुट आहे, आणि पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज मला पूर्ण भारासकट हवा आहे. पण खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे आणि खालचे आवाज स्लॅबमधून सरळ उतरतात. म्हणून आधी मित्राकडून यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आणतो, रूम ईक्यू विझार्ड या सॉफ्टवेअरमध्ये खुर्चीच्या जागेचा आलेख काढतो, आणि ६९ ला खरंच किती कमी पडतं ते पाहतो. तीन-चार डेसिबल असेल तर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये तेवढं उचलून सबवूफर रद्द. जास्त असेल तर आठ इंची, बंद पेटीचा, आणि रात्री नऊनंतर स्विच बंद. आलेख पुढच्या नोंदीत देतो. तुमच्यापैकी कोणी फ्लॅटमध्ये बंद पेटीचा सबवूफर वापरत असेल, तर तो कुठल्या कोपऱ्यात ठेवलात आणि किती हर्ट्झवर जोडलात ते जरूर कळवा.