तलवार एकाच्या हाती, संवाद दुसऱ्याच्या तोंडी

सुरुवातीच्या बोलपटांत कोणत्या समाजाला किती जागा मिळाली, हे शोधताना बहुतेक जण श्रेयनामावलीतली नावं मोजतात. माझ्या मते आधी ध्वनिमुद्रण कसं होत होतं ते बघावं. मूकपटांच्या काळातली सरमिसळ तिथेच गाळली गेली.

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. राजपुत्र, भटक्यांच्या टोळीत वाढलेली मुलगी, राजवाड्यातली कारस्थानं असा तो साहस आणि प्रेमाचा मामला होता. दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी वापरलेल्या टॅनार ध्वनिमुद्रण यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उमटत. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून चित्रण बहुतेक रात्री एक ते चारच्या दरम्यान चाले. माइक चौकटीत दिसू नये म्हणून कुठेकुठे दडवावा लागे. एकाच पट्टीवर दोन्ही असल्यामुळे संपादनातही हात बांधलेले होते. आवाज चित्राच्या काही फ्रेम पुढे-मागे नोंदला जातो, त्यामुळे चित्र पाहून कात्री लावली की शब्द अर्धवट तुटतो. मागाहून दुसऱ्याचा आवाज भरायची सोयही नव्हती. पार्श्वगायन हिंदी-बंगाली बोलपटांत रुळायला सुरुवात झाली तीच १९३५ मध्ये. थोडक्यात, चेहरा ज्याचा, आवाजही त्याचाच हवा.

याचा फटका कुणाला बसला? नायक मास्टर विठ्ठल. शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत तलवारबाजी आणि उड्यांनी थिएटरं भरवणारा हा मराठी नट. कंपनी सोडली म्हणून त्याच्यावर खटला झाला, तेव्हा त्याची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली, इतकं त्याचं मोल होतं. पण त्याची हिंदुस्तानी कच्ची, म्हणून ‘आलम आरा’त त्याची भूमिका बराच वेळ गुंगीत असलेल्या माणसाची केली गेली. पहिल्या बोलपटाचा नायक आणि त्यालाच बोलायला कमी! नायिकेची जागाही तशीच फिरली. इराणींच्या इंपीरियल कंपनीची सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली ज्यू अभिनेत्री रूबी मायर्स, मागे राहिली आणि भूमिका झुबेदाला मिळाली. सुलोचनेने काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि ‘माधुरी’च्या बोलत्या आवृत्तीतून १९३२ मध्ये परतली. अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी मूकपटांच्या नायिका गाजवल्या होत्या. आता त्यांच्या उच्चारांची परीक्षा होऊ लागली.

मारधाडपटांत मात्र फट उरली होती. घोडा, चाबूक, धावत्या गाडीचं छप्पर यांना उच्चार लागत नाही. वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ मध्ये आला. त्यात राजकन्या झाली ती पर्थमध्ये जन्मलेली मेरी एव्हान्स, म्हणजे नादिया. सोनेरी केसांच्या गोऱ्या बाईने भारतीय राजकन्या व्हावं, यावर आक्षेप घेण्याजोगं बरंच आहे. पण पुरुषाला खांद्यावर उचलून फेकणारी नायिका प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली, हेही तितकंच खरं.

असे चित्रपट बघताना एक मोजणी जरूर करा. घड्याळ हातात घेऊन प्रत्येक पात्र किती सेकंद बोलतं ते टिपा, आणि ते किती वेळ दिसतं ते वेगळ्या रकान्यात लिहा. नोकर, पहारेकरी आणि रानातले लोक यांना स्वतंत्र ओळी ठेवा. त्यांना नाव आहे का, की नुसतीच आरोळी, हेही नोंदवा. मध्येच आवाज उडी मारत असेल, तर ती वाक्यं मोजणीतून वगळा, कारण प्रत तुटून जोडलेली असू शकते. ‘आलम आरा’ची मोजणी होणार नाही. त्याची प्रत उरलेली नाही. छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या आहेत, आणि त्यांवरून संवादांची वाटणी ठरवू नये.

मराठी प्रेक्षकांनी प्रभातचा हिंदी ‘अमरज्योती’ (१९३६) याच पद्धतीने बघावा. दुर्गा खोटे त्यात समुद्रावरच्या लुटारूंची राणी सौदामिनी आहेत. त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला होता, तेव्हा भाषेची अडचण इथे नव्हती. म्हणूनच सौदामिनीचा राग चाबकाविना, सलग संवादांतून उभा राहतो.